नवीन कार्ड टाकलं तरी एफपीएस तेवढेच: भाच्याच्या पीसीच्या नोंदी

१९ एप्रिल २०२५, शनिवार

भाचा आज सकाळी साताऱ्याहून पीसी घेऊन आला, ताईने गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून कॅबिनेट आडवं ठेवून आणलं. बारावीची परीक्षा संपली म्हणून साठवलेल्या पैशातून त्याने सेकंडहँड आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं, आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं. कागदावर बघितलं तर दोन-अडीच पटीच्या वर फरक पडायला हवा. आणि जीटीए फाइव्हमध्ये शहराच्या मधल्या भागात गाडी चालवताना आधी पासष्टच्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) यायचे ते आता सत्तर. पाच फ्रेम. पोरगं अगदी पडल्या चेहऱ्याने म्हणालं, मामा पैसे वाया गेले का, कार्ड खराब दिलंय का त्या माणसाने? मी म्हटलं थांब, आधी मोजू, मग बोलू.

मशीन असं आहे: रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅम (एकच स्टिक, २४०० ची), साटा एसएसडी, विंडोज १०, मॉनिटर १०८० पी आणि ७५ हर्ट्झ. २०१८ च्या शेवटी घेतलेलं, तेव्हापासून आत कोणी हात लावलेला नाही.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर टाकून स्क्रीनवर आकडे लावले. कार्डचा वापर ४५ टक्के, कधी पन्नास. इथेच अर्धं उत्तर मिळालं. गेमला फ्रेम लिमिट नाही, व्हीसिंक (मॉनिटरच्या वेगाला फ्रेम बांधणारी सेटिंग) बंद आहे, तरी कार्ड अर्धा वेळ रिकामं बसलंय, म्हणजे त्याला काम देणारा मागे पडतोय. भाचा म्हणाला पण मामा सीपीयू (प्रोसेसर) तर ४० टक्केच दाखवतोय, तो कुठे भरलाय? हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणून नीट लिहून ठेवतो. १६०० ला ६ कोर १२ थ्रेड आहेत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या बारा रांगा, तो ४० टक्क्यांचा आकडा बाराही थ्रेडची सरासरी आहे. गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो आणि तो एकटा पूर्ण भरला तरी सरासरीत जेमतेम ८ टक्के दिसतो. म्हणून एकेक थ्रेड वेगळा बघायचा. तसा लावला तर एक थ्रेड सतत ९५ च्या वर.

खात्रीसाठी सगळ्यात सोपी टेस्ट केली, रिझोल्यूशन ७२० पी ला आणलं. कार्डचं काम निम्म्याहून कमी झालं तर एफपीएस उडायला पाहिजेत ना? आले ७१. म्हणजे कार्डवर अडलेलंच नाहीये. कार्ड देणाऱ्या माणसाने काही फसवलेलं नाही, हे भाच्याला आधी सांगितलं, जेवला मग नीट.

२० एप्रिल, रविवार

आज ड्रायव्हर, म्हणजे गेम आणि कार्ड यांच्या मधला प्रोग्राम. आधीचं कार्ड एनव्हिडियाचं होतं, नवीन एएमडीचं, आणि भाच्याने जुना ड्रायव्हर न काढता नवीन वर चढवला होता. ज्याच्याशी बोललो तो म्हणतो यामुळेच होतंय. मला नव्हतं वाटत पण शंका ठेवायची नाही म्हणून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर घेतलं, नेटची वायर काढली (नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मधे स्वतःच एखादा ड्रायव्हर बसवून टाकतं), सेफ मोडमध्ये जाऊन दोन्ही साफ केले, मग ताजा ड्रायव्हर टाकला.

पहिली फेरी (जीटीएमधल्या त्याच रस्त्याची): सरासरी ६९, आणि सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेमचा आकडा ३१. भाचा म्हणाला बघा, अजून बिघडलं. मी म्हटलं तीच फेरी परत मार. दुसऱ्यांदा ७०, वाईट आकडा ३९. तिसऱ्यांदा ७१ आणि ४४. चौथ्यांदाही तेच. ड्रायव्हर साफ करण्याआधी किती होतं? ७१ आणि ४४.

म्हणजे ड्रायव्हर स्वच्छ बसवून फायदा शून्य, तोटाही शून्य. पण पहिल्या फेरीत जे झालं ते महत्त्वाचं आहे. गेममधले शेडर म्हणजे कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, ते गेमसोबत येतात तसे थेट कार्डला कळत नाहीत, ड्रायव्हर त्यांचं त्या कार्डच्या भाषेत रूपांतर करतो आणि ते साठवून ठेवतो. ड्रायव्हर बदलला की साठवलेलं सगळं बाद, परत पहिल्यापासून. आणि हे रूपांतर कार्डवर होत नाही, प्रोसेसरवर होतं. म्हणून जुन्या प्रोसेसरवर पहिल्या दिवशी झटके जास्त. नवीन ड्रायव्हर टाकल्या टाकल्या दहा मिनिटं खेळून "हा ड्रायव्हर बेकार आहे" म्हणणारे निदान निम्मे तरी हाच झटका बघत असणार असं मला मनापासून वाटतं. यापुढे नियम: ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या दोन फेऱ्या मोजायच्याच नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर ऑफिस, आज वेळ मिळाला. शॅडो ऑफ द टॉम्ब रेडर उतरवून घेतला, खेळण्यासाठी नाही, त्यातल्या बेंचमार्कसाठी, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीसाठी. त्यात शेवटी नुसते एफपीएस येत नाहीत, सीपीयूवरचं गेमचं काम वेगळं, सीपीयूवरचं रेंडरचं काम वेगळं, जीपीयू (कार्ड) वेगळा, आणि किती टक्के वेळ कार्डमुळे अडलं हेही येतं. २०१८ चा गेम आहे पण शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. शिवाय डायरेक्टएक्स (गेम ज्यातून कार्डला सूचना देतो ती विंडोजची व्यवस्था) ११ आणि १२ दोन्हीवर चालतो.

सगळं हाय, १०८० पी, तीन फेऱ्यांची सरासरी:
डायरेक्टएक्स ११: ५८ एफपीएस, कार्डमुळे अडलं ३ टक्के.
डायरेक्टएक्स १२: ७४ एफपीएस, कार्डमुळे अडलं ११ टक्के.

कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, गेम तोच, प्रोसेसर तोच. नुसती एक सेटिंग बदलली आणि १६ फ्रेम जास्त. भाच्याचा विश्वासच बसेना, त्याने स्वतः परत चालवून बघितलं.

हे का होतं ते त्याला चहा पिता पिता सांगितलं, तेच इथे लिहितो. गेम म्हणतो "हे झाड काढ, हा माणूस काढ, ही भिंत काढ", अशा हजारो सूचना एका फ्रेममध्ये, यांना ड्रॉ कॉल म्हणतात. त्या सूचना सरळ कार्डकडे जात नाहीत, मधे ड्रायव्हर बसलाय. तो प्रत्येक सूचना तपासतो, लागणारं टेक्स्चर कुठल्या मेमरीत आहे ते बघतो, आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू होणार नाही याची काळजी घेतो आणि मग कार्डला कळेल अशा आज्ञांची रांग लावतो. आणि ड्रायव्हर चालतो प्रोसेसरवर. नाव ग्राफिक्स ड्रायव्हर आहे म्हणून आपल्याला वाटतं ते कार्डचं काहीतरी आहे, पण त्याची मजुरी प्रोसेसरच्या खिशातून जाते. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली आणि कळल्यावर आधीच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला.

डायरेक्टएक्स ११ मध्ये ही सगळी काळजी ड्रायव्हरने घ्यायची आणि बरंचसं काम एकाच थ्रेडवर. २०१३ मध्ये एएमडीने मँटल ही स्वतःची अशीच व्यवस्था आणली ती याच दुखण्यावर, की गेमलाच ठरवू द्या, ड्रायव्हर पातळ ठेवा, आणि सूचनांची रांग वेगवेगळ्या कोरवर एकाच वेळी तयार होऊ द्या. मग २०१५ ला विंडोज १० सोबत डायरेक्टएक्स १२ आलं, फेब्रुवारी २०१६ ला व्हल्कन, जे मँटलच्याच पायावर उभं आहे. म्हणून सहा कोरचा पण प्रत्येक कोर थोडा हळू असलेला १६०० तिथे बरा चालतो.

याची दुसरी बाजू पण आहे. डायरेक्टएक्स ११ मध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर हे काम एकापेक्षा जास्त थ्रेडवर वाटून घेण्यात बरीच वर्षं पुढे होता, एएमडीने त्यात मोठी सुधारणा २०२२ च्या मे महिन्यातल्या ड्रायव्हरपासून केली. आणि डायरेक्टएक्स १२ मध्ये उलटं, मार्च २०२१ मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनलने जुन्या प्रोसेसरवर तुलना केली तेव्हा काही गेममध्ये वरच्या दर्जाचं जीफोर्स (एनव्हिडियाचं) कार्ड खालच्या रेडियॉनच्या (एएमडीच्या) मागे पडताना दिसलं, तगडा प्रोसेसर लावला की परत पुढे. म्हणजे "कुठलं कार्ड चांगलं" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या प्रोसेसरसोबत, कुठल्या गेममध्ये, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. लोक तगड्या प्रोसेसरवरचे आकडे बघतात आणि कार्ड आपल्या जुन्या बोर्डात घालतात. भाच्यानेही तेच केलं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

ऑफिसमधून सुटून पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. रॅमचा ८-८ जीबीचा ३२०० चा जोड घेतला. पीसी घेतला तेव्हा दुकानदाराने एकच स्टिक दिली होती, दुसरा स्लॉट साडेसहा वर्षं रिकामा. एका स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल चालतो, म्हणजे रस्ता निम्मा. पहिल्या पिढीच्या रायझनला हे जास्त लागतं कारण त्याचे कोर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत, प्रत्येक गटाची ८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) वेगळी, आणि एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर मधल्या जोडरस्त्याने जावं लागतं आणि त्या जोडरस्त्याचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला आहे. रॅम हळू तर सगळंच हळू.

३२०० ला बूटच झालं नाही, तीनदा काळा स्क्रीन, मग बोर्डने स्वतःच सेटिंग मूळपदावर आणलं. १६०० चा अधिकृत वेग २६६६ च आहे त्यामुळे यात रॅमचा दोष नाही. २९३३ ला स्थिर चाललं, रात्रभर मेमरी टेस्ट लावून झोपलो.

२९ एप्रिल, मंगळवार

टेस्टमध्ये एकही चूक नाही. टॉम्ब रेडर डायरेक्टएक्स १२ वर ७४ वरून ८८. जीटीए ७१ वरून ८२, आणि वाईट १ टक्का ४४ वरून ५७. हा शेवटचा आकडा सगळ्यात आनंदाचा, कारण हाताला जाणवतो तो हाच. सरासरी ८० असली आणि मधेच एखादी फ्रेम ५० मिलीसेकंदांची आली तर वळणावर गाडी भिंतीत जाते. भाच्याने आज फोनवर विचारलं (तो मित्राकडे हडपसरला गेलाय) की मग आता बास का? मी म्हटलं कार्ड अजून तिसरा हिस्सा वेळ रिकामं आहे.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. बाहेर भयंकर ऊन, खोलीत पंखा गरम हवा फेकतोय. बेंचमार्क लागोपाठ चालवला तर चौथ्या-पाचव्या फेरीला आकडे खाली जायला लागले, ८८ चे ८३. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून बघितलं, प्रोसेसर ९० अंशाला टेकतोय आणि त्याचा वेग (क्लॉक) खाली येतोय. कूलर काढला तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधल्या पेस्टचा अक्षरशः खडू झालेला, कूलरच्या पट्ट्यांमध्ये साताऱ्याची सहा वर्षांची धूळ. ब्रशने साफ केलं, नवीन पेस्ट, कॅबिनेटच्या मागच्या पंख्याची दिशा उलटी होती ती सरळ केली. आता ७३-७४ आणि दहाव्या फेरीलाही ८८.

हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. उन्हाळ्यात मोजलेल्या आकड्यांसोबत खोलीचं तापमानही लिहायचं, आज ३६ होतं.

३ मे, शनिवार

मोठं काम. ताईशी बोलून रायझन ५ ५६०० मागवला होता, काल आला. त्याच बोर्डात बसतो ही एएम४ सॉकेटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, २०१७ चा प्रोसेसर काढून २०२२ चा टाकायचा आणि बोर्ड, रॅम काहीच बदलायचं नाही. पण आधी बायोस (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) अपडेट, आणि तो जुना प्रोसेसर आत असतानाच, नाहीतर बोर्ड नवीन प्रोसेसरला ओळखणारच नाही. बोर्डाच्या पानावर लिहिलं होतं की इतक्या जुन्या बायोसवरून एकदम शेवटच्यावर जाऊ नका, मधलं एक टाका. दोन टप्प्यांत केलं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते म्हणून यूपीएसवर लावूनच, ते चार-पाच मिनिटं भाचा आणि मी दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो, कोणी बोलत नव्हतं.

झालं. प्रोसेसर बदलला, रॅम आता ३२०० ला पहिल्याच फटक्यात. ड्रायव्हर मुद्दाम बदलला नाही, तोच २० एप्रिलचा.

टॉम्ब रेडर डायरेक्टएक्स १२: ११८, कार्डमुळे अडलं ९६ टक्के.
डायरेक्टएक्स ११: १०४.
जीटीए: ११९, वाईट १ टक्का ८१.

डायरेक्टएक्स ११ चा आकडा परत बघा. आठवड्यापूर्वी हाच ड्रायव्हर, हेच कार्ड, ५८. त्यात थोडा वाटा रॅमचा आहे, पण ड्रायव्हरचं ओझं होतं तेवढंच आहे, उचलणारा बदलला. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांना मिळून, त्यामुळे गेमचा मुख्य थ्रेड आणि ड्रायव्हरचा थ्रेड एकमेकांशी बोलतात तेव्हा लांबचा फेरा नाही. शिवाय प्रत्येक कोर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, १६०० जात होता ३.६ पर्यंत. याच पिढीतल्या आठ कोरच्या प्रोसेसरवर अजून कॅश रचून ९६ एमबी केली की ५८००एक्स३डी होतो, तो काही गेममध्ये का एवढा पळतो ते यावरून कळतं, पण आमचं बजेट तिथपर्यंत नाही आणि या कार्डला त्याची गरजही नाही.

भाच्याने जीटीएमधला तोच रस्ता चालवला. काही बोलला नाही, दहा मिनिटं नुसता गाडी फिरवत बसला. मला फार बरं वाटलं.

४ मे, रविवार

रीसाइझेबल बार चालू करायचं होतं. साध्या शब्दांत, प्रोसेसरला कार्डची मेमरी आधी २५६ एमबीच्या खिडकीतून दिसायची, हे चालू केलं की सगळी ८ जीबी एकदम दिसते. बायोसमध्ये अबव्ह फोर जी डिकोडिंग आणि रीसाइझ बार दोन्ही चालू केले, त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं, ते केलं आणि विंडोज उघडेना. चूक माझी, २०१८ ला विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या विभागणीच्या) डिस्कवर टाकलेली होती आणि सीएसएमशिवाय ती उघडत नाही, हे आधी बघायला हवं होतं. सीएसएम परत चालू केलं, भाच्याचे फोटो आणि गेमचे सेव्ह बाहेरच्या डिस्कवर घेतले, मग विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी या कमांडने डिस्क बदलली, मग सीएसएम बंद. सगळं जागच्या जागी.

टॉम्ब रेडर १२२. जीटीए ११९, जसंच्या तसं. जुन्या गेमला याचा उपयोग नाही पण नवीन गेमसाठी चालू ठेवतो. इंटेलच्या आर्क कार्डांना मात्र हे नसेल तर खूप मोठा फटका बसतो, इंटेल स्वतःच ते चालू ठेवायला सांगतं.

दुपारी डीएक्सव्हीके लावून बघितलं, म्हणजे डायरेक्टएक्स ११ च्या सूचनांचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं, लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात ते बरंचसं याच्या जोरावर. जीटीए स्टोरी मोडमध्ये दोन फाइल टाकून चाललं, आकडा ११९ चा १२१, फरक मोजण्याच्या चुकीएवढाच. १६०० वर लावलं असतं तर कदाचित जास्त दिसला असता, तेव्हा सुचलं नाही. फाइल काढून टाकल्या, ऑनलाइन मोडमध्ये अँटीचीट असताना असलं काही ठेवायचं नसतं.

१० मे, शनिवार

भाच्याचा हडपसरचा मित्र घरी आला होता, त्याच्याकडे रायझन ५ २६०० आहे आणि आर्क बी५८० घ्यायचं मनात आहे, डिसेंबरमध्ये आलं तेव्हा किमतीच्या मानाने खूप कौतुक झालेलं. त्याला घाईने थांबवलं. जानेवारीत याच कार्डाच्या जुन्या प्रोसेसरसोबतच्या चाचण्या आल्या आणि २६०० वर ते खूपच मागे पडतं असं दिसलं, ५६०० वर सुद्धा काही गेममध्ये कमी पडलं. ड्रायव्हरचं ओझं, तेच. त्याला म्हटलं आधी घरी जाऊन ७२० पी ची टेस्ट कर आणि आकडा मला पाठव. संध्याकाळी पाठवला: १०८० पी ला ६४, ७२० पी ला ६६. आता तो आधी प्रोसेसर बघतोय.

भाच्याच्या मॉनिटरला ७५ हर्ट्झच्या वर दाखवताच येत नाही, म्हणून रिव्हाट्यूनरमध्ये ७२ ला फ्रेम बांधून टाकल्या. कार्डचा वापर साठवर आला, पंख्यांचा आवाज गेला, आणि फ्रेम टाइमची रेघ एकदम सपाट, १३.९ मिलीसेकंद. एवढी सपाट रेघ या मशीनवर मी पहिल्यांदाच बघितली.

११ मे, रविवार

ताई दुपारी घ्यायला आली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, १६०० विंडोज ११ च्या यादीत नव्हता पण ५६०० आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ते करायचं ठरलं. जुना १६०० आणि १०५० टीआय डब्यात घालून माझ्याकडे ठेवलेत, ताईच्या शाळेत एक बिनकार्डाचा पीसी आहे त्याला कदाचित कामाला येतील.

कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवून दिला: बायोसची आवृत्ती, रॅम ३२००, ड्रायव्हर कुठल्या तारखेचा, टॉम्ब रेडर १२२, जीटीए ११९ आणि ८१, पेस्ट १ मे २०२५. खाली दोन ओळी रिकाम्या ठेवल्यात, पुढचा ड्रायव्हर टाकेल तेव्हा तिसऱ्या फेरीचा आकडा तिथे लिहायचा.